माझ्या ईटीएफमधलं सोनं कुठल्या खाणीतलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी तुमच्या पेपरात गोल्ड ईटीएफवर, म्हणजे तिजोरीत ठेवलेल्या सोन्याच्या वाट्याचे युनिट शेअर बाजारात विकणाऱ्या फंडांवर, लेख आला होता तो मी कापून ठेवलाय. घडणावळ जात नाही, चोरीची भीती नाही, लॉकरचं भाडं नाही, हे सगळं त्यात होतं आणि ते खरंच आहे, मी स्वतः चार वर्षं दर महिन्याला घेतेय, मुलीच्या नावाने नाही पण मुलीसाठीच. फक्त एक गोष्ट त्या लेखात कुठेच नव्हती आणि तीच मला विचारायचीय. हे सोनं येतं कुठून?

मी हे का विचारते ते सांगते. माझं माहेर पिसुर्ल्याचं, गोव्यातल्या सत्तरीतलं लोखंडाच्या खाणींचं गाव. ज्यांनी ते बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको. पावसाळा लागला की डंपवरची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरची, माती वाहत खाली यायची आणि आमच्या शेतात भरायची, तांबडा चिखल, लावणी केलेलं रोप दोन दिवसांत दिसेनासं व्हायचं. बाबा पहाटे फावडं घेऊन बांध फोडायला जायचे, चिखल खाली काढून द्यायला, आणि दुसऱ्या पावसात तो परत तेवढाच. खाणीचा माणूस वही घेऊन यायचा, नुकसानभरपाई म्हणून काही रुपये द्यायचा, सही घ्यायचा. पुढे विहिरीचं पाणी आटलं आणि टँकर सुरू झाला. ते लोखंड कुठे गेलं, कुणाच्या पुलात, कुणाच्या गाडीत, ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि ज्याने ती गाडी घेतली त्यालाही आमचं शेत कधी कळलं नसेल. आज सोन्याच्या बाबतीत मी त्या गाडीवाल्याच्या जागी आहे, हे मला झोपू देत नाही.

खाण वाईट, बंद करा, असं मी म्हणत नाहीये हं. २०१२ ला गोव्यातल्या खाणींचं सगळं काम थांबलं तेव्हा माझ्या भावाचा कर्जाचा ट्रक दारात उभा राहून गंजला, हप्ते मात्र चालूच होते. परत सुरू झालं आणि २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद. खाणीवर पोट असलेल्या घरात काय होतं ते मी दोन्ही बाजूंनी बघितलंय, म्हणून तर विचारते.

आता सोन्याचं बघा. मोठ्या उघड्या खाणीत एक टन दगड फोडला तर बऱ्याच ठिकाणी ग्रॅम-दीड ग्रॅम सोनं मिळतं, तेवढ्यावरही खाण फायद्यात चालते. आमच्याकडे खाणीचा ट्रक साधारण दहा टनांचा धरतात. म्हणजे एक तोळ्यामागे, दहा ग्रॅमचा तोळा धरला तर, एक ट्रक दगड. माझ्या डिमॅटमध्ये आज साडेतीन तोळ्यांच्या आसपास आहे, तर साडेतीन ट्रक माल कुठेतरी कुणाच्या तरी गावात उकरून, दळून, सायनाइडच्या पाण्यातून काढून ढीग घातलाय आणि त्याचा स्टेटमेंटवर एक शब्द नाही. लांब कशाला, शेजारच्या कर्नाटकात कोलारची खाण २००१ साली बंद झाली पण तिथले सायनाइडवाल्या मातीचे डोंगर अजून उभे आहेत आणि वारा सुटला की धूळ वस्तीवर येते. आपल्याकडचे डंप आठवा म्हणजे कळेल.

आणि हे झालं कंपनीच्या खाणीचं. जगात सोन्याच्या छोट्या खाणींवर, म्हणजे फावडं-घमेलं घेऊन नदीकाठी काम करणाऱ्या लोकांवर, कोटीहून जास्त माणसांचं पोट आहे. तिथे दळलेल्या मातीत पारा घालतात, पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा तव्यावर किंवा कढईत तापवतात, पारा वाफ होऊन उडून जातो आणि सोनं मागे राहतं. ती वाफ तापवणाऱ्याच्या, बऱ्याचदा घरातल्या बाईच्या आणि मुलांच्या छातीत जाते, उरलेला पारा नदीत जातो, नदीतून माशात, माशातून ताटात. पेरूमधल्या माद्रे दे दियोस या भागात २०१६ ला पाऱ्यामुळे सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती. आम्ही रोज नुस्तं खाणारी माणसं, ताटातल्या मासळीतून विष येणं म्हणजे काय ते आम्हाला वेगळं समजावायला नको. माणसाच्या हातून जगात जेवढा पारा हवेत जातो त्यातला सगळ्यात मोठा वाटा याच कामाचा आहे, आणि भारताने २०१८ मध्ये पाऱ्यावरच्या मिनामाता करारावर शिक्कामोर्तब केलंय, तरी सोनं घेताना हे कुणी बोलत नाही.

कोणी म्हणेल ईटीएफचं सोनं चोख असतं, तिथे असली भानगड नसते. चोख असतं ते मला मान्य आहे. शेअर बाजारावर आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने सोनं ९९.५ टक्के शुद्ध हवं, ते कस्टोडियनच्या, म्हणजे ते सांभाळणाऱ्या संस्थेच्या, तिजोरीत ठेवायचं आणि दर सहा महिन्यांनी ऑडिटरनी जाऊन ते प्रत्यक्ष बघायचं. भारतात २००७ च्या मार्चमध्ये पहिला गोल्ड ईटीएफ आला तेव्हा एक युनिट म्हणजे एक ग्रॅम होतं, आता बऱ्याच फंडांत युनिट ग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढं झालंय, शंभर-दोनशे रुपयांत सुरुवात करता येते, आमच्या शेजारची अंगणवाडीतली बाई पण घेते, फार चांगली सोय आहे. पण शुद्धता म्हणजे सोन्यात दुसरं काय मिसळलंय एवढंच, ते कुणाच्या घामाने आणि कुणाच्या पाण्याने आलं ते नाही. विटेवर तसलं काही उमटत नसतं.

लंडनच्या एलबीएमएने, म्हणजे तिथल्या सोन्या-चांदीच्या बाजाराच्या संघटनेने, २०१२ पासून नियम केलाय की त्यांच्या गुड डिलिव्हरी नावाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या रिफायनऱ्यांनी, म्हणजे सोनं शुद्ध करणाऱ्या कारखान्यांनी, सोनं कुठून घेतलं त्याची बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घ्यायची, युद्ध चालणाऱ्या भागातलं, वेठबिगारीतलं नाही ना हे बघायचं. हे चांगलंच झालं, पण त्यातही पळवाट आहे. जुने दागिने वितळवून काढलेलं म्हणून आणलं की त्याचं मूळ तिथूनच धरलं जातं, मग नुकतंच नदीतून काढलेलं सोनं ओबडधोबड बांगडी करून आणलं तर ते जुनं की नवं कोण सांगणार. सोनं एकदा वितळलं की त्याला गाव उरत नाही. म्हणूनच रिफायनरीच्या दारापाशी नीट विचारायला हवं, तिथून पुढे काही कळायचा मार्ग नाही.

मी हेच माझ्या फंडाला ईमेलवर विचारलं. दहा दिवसांनी उत्तर आलं, सोनं मान्यताप्राप्त पुरवठादाराकडून घेतो, शुद्धतेची काळजी नसावी. मी शुद्धतेचं विचारलंच नव्हतं. स्कीमचा कागद सगळा चाळला, रिफायनरीचं नाव मला मिळालं नाही. परत लिहिलं, त्याला उत्तर नाही.

बरं हे काही अशक्य आहे असंही नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात २००४ पासून असलेला एसपीडीआर गोल्ड शेअर्स हा मोठा फंड तिजोरीतल्या प्रत्येक विटेची यादी देतो, कुठल्या रिफायनरीची, नंबर काय, वजन किती, कुणीही बघू शकतो. लंडनला २०२० मध्ये रॉयल मिंटच्या नावाचा फंड आला तो जबाबदारीने मिळवलेलंच सोनं ठेवायचं म्हणूनच काढलेला. आणि आपल्याकडे बघा, दागिन्यावर सहा अक्षरं-आकड्यांचा एचयूआयडी हा ओळख नंबर २०२३ च्या एप्रिलपासून सक्तीचा झालाच ना. मी गेल्या चवथीच्या आधी घेतलेल्या कुड्यांचा नंबर सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला तर कुठल्या शेटच्या दुकानातून आल्या आणि कुठल्या हॉलमार्किंग सेंटरला तपासल्या ते दोन मिनिटांत दिसलं. चार ग्रॅमच्या कुड्यांना जर एवढी ओळख देता येते तर किलोच्या विटांना का नाही?

माझं मागणं साधं आहे. फंडांनी विटांची यादी रिफायनरीच्या नावासकट साइटवर टाकावी, सोनं खाणीतलं की वितळवलेलं आणि खाणीतलं असेल तर कुठल्या देशातलं ते लिहावं, आणि सेबीने हे शुद्धतेसारखंच बंधनकारक करावं. अजून एक वाटतं. आपल्या देशातल्या घराघरांत वीस हजार टनांहून जास्त सोनं असल्याचा अंदाज सांगतात आणि तरी आपण दर वर्षी सातशे-आठशे टन बाहेरून आणतो. आपल्याकडचं मोडीचं सोनं, ज्याची पावती आहे, ज्या घरातून आलं ते माहीत आहे, तेवढ्यावरच चालणारा एखादा ईटीएफ कुणी काढला तर मी पहिल्या दिवशी पैसे तिकडे वळवीन. मी आता दहा हजारांवर वर्षाला पन्नास-साठ रुपये एक्सपेन्स रेशो, म्हणजे फंड चालवायचा खर्च, देते, त्यात पाच-दहा रुपये वाढले तरी काही बिघडत नाही, आणि माझ्यासारखे गोव्यात खूप निघतील, डिचोली-सत्तरी या खाणींच्या तालुक्यांत तर नक्कीच.

दर महिन्याची खरेदी, म्हणजे एसआयपी, मी बंद केलेली नाही, मुलीचं लग्न दोन वर्षांवर आहे आणि भाव तुम्ही बघताच आहात. पण हे पत्र छापून झालं की त्याचं कात्रण जोडून फंडाला तिसऱ्यांदा लिहिणार आहे, आणि तुमच्या अर्थविषयक पानावर जे लिहितात त्यांनी दसऱ्याच्या आधी दोन-चार फंड हाऊसना हाच प्रश्न विचारून त्यांची उत्तरं जशीच्या तशी छापावीत, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, डिचोली