शंभर फील्ड

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत, भाऊबीजेच्या आदल्या रात्री तू मला एक प्रश्न विचारलास आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. तू बाहेरच्या खोलीत पलंगावर बसली होतीस. मांडीवर लॅपटॉप, त्यावर ॲनाटॉमीचं लेक्चर दुप्पट वेगानं चाललेलं, एका कानात इअरफोन, फोनवर हॉस्टेलच्या ग्रुपमधल्या गप्पा, मधूनच एखादं रील, आणि समोर टीव्हीवर मॅच. मी म्हटलं, "अगं, एक काय ते कर." तू मान वर न करता म्हणालीस, "आई, तू नाही का मेथी निवडता निवडता सांगली आकाशवाणी ऐकत?" आजी कौतुकानं म्हणाली, "अष्टावधानी आहे पोर!" मी गप्प बसले, कारण तुझा प्रश्न खरा होता. तेव्हापासून तो डोक्यात आहे. फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसले.

आधी मेथीचं. ते काम इतक्या वर्षांत बोटांत उतरलंय, त्याला डोकं लागत नाही. कान मोकळे राहतात, म्हणून गाणं ऐकता येतं. पण रेडिओवर बातम्या लागलेल्या असताना वाण्याचं बिल तपासायला बसले, तर एक तरी हुकतंच. शब्दाला शब्द आडवा येतो. तुझं लेक्चर शब्दांचं, ग्रुपवरच्या गप्पा शब्दांच्या, कॉमेंट्रीही शब्दांचीच. त्या तिन्ही गोष्टी मेंदू एकदम करत नाही. इकडून तिकडे उड्या मारत राहतो, आणि प्रत्येक उडीला थोडा वेळ जातो, हातातलं थोडं सांडतं.

मी सांगते म्हणून मानू नकोस, करून बघ. एक कागद घे, घड्याळ लाव. एका ओळीत 'क' पासून 'म' पर्यंत पंचवीस अक्षरं लिही, ती झाली की दुसऱ्या ओळीत १ ते २५ आकडे. वेळ टिपून ठेव. मग नव्या कागदावर तेच, पण आलटून पालटून: वर क, खाली १, वर ख, खाली २. लिहायचं तेवढंच आहे, अक्षरं तीच, आकडे तेच. मला दुसऱ्या वेळी कितीतरी जास्त वेळ लागला आणि 'ढ' पाशी तर हात थांबलाच. बालवाडीपासून पाठ असलेल्या गोष्टींचं हे होतं, तर आदल्या दिवशी पहिल्यांदा ऐकलेल्या नसांच्या आणि हाडांच्या नावांचं काय होत असेल?

आता एक गोष्ट सांगते, जी मी घरी कुणालाच सांगितलेली नाही. काही वर्षांपूर्वीची, पावसाळ्यातली. लॅबमध्ये तापाचे पेशंट रोज वाढत होते. मलेरियाची स्लाइड बघताना शंभर फील्ड, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारे स्लाइडचे शंभर तुकडे, पाहिल्याशिवाय 'नाही' लिहायचं नसतं, हे तुलाही पुढे शिकवतील. मी साठेक फील्डपर्यंत आले असेन, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. घरच्या ग्रुपवर बारशाचे फोटो आले होते. दोन फोटो पाहिले, 'गोड आहे' असं लिहिलं, परत डोळा लावला. चार-सहा फील्ड पाहिली आणि मला वाटलं, झाली शंभर. पेन हातात घेतलं तेव्हा लक्षात आलं की साठनंतरचा आकडाच मला आठवत नाहीये. स्लाइड काढून पुन्हा पहिल्यापासून लावली. सत्तरीच्या पुढे एका लाल पेशीत मलेरियाच्या जंतूची ती बारीक अंगठी दिसली, एका बाजूला खडा बसवल्यासारखी. रिपोर्ट कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाचा होता, तुझ्या आताच्या वयाचा. त्या दिवसापासून माझा फोन बाहेर कपाटात असतो. तुला वाटतं आई दुपारी मेसेजला उत्तर देत नाही; त्याचं कारण हे.

लॅबमधल्या माणसाची सवय, यावर कुणी प्रयोग केलेत का ते शोधलं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात २००९ साली ओफिर, नास आणि वॅगनर या तिघांनी एकाच वेळी अनेक माध्यमं वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना तसं क्वचित करणाऱ्यांशी केली. पडद्यावर लाल आयत दाखवायचे, मध्ये निळे पेरायचे. निळ्यांकडे दुर्लक्ष करून लाल हलले का ते सांगायचं. जी मुलं सतत चार गोष्टी एकदम करत, त्यांनाच निळे टाळणं जड गेलं. एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यातही तीच मागे पडली, ज्याचा सराव त्यांना रोज होता. पुढे इतरांनी असे प्रयोग पुन्हा केले तेव्हा काहींना हा फरक फार लहान दिसला. शिवाय सवयीमुळे लक्ष विखुरलं, की मुळात विखुरलेल्या लक्षामुळे ती सवय लागली, हे त्यातून ठरत नाही. म्हणून मी तुला 'मेंदू खराब होतो' असं काही सांगणार नाही.

मला विचारात पाडलं ते २००६ सालच्या, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रयोगानं. मुलांना चित्रांच्या पत्त्यांवरून पाऊस की ऊन याचा अंदाज करायला शिकवलं. काही वेळा शांतपणे, काही वेळा कानात उंच आणि खालचे सूर वाजवत. उंच सूर किती ते मोजत राहायचं. अंदाज दोन्ही प्रकारे जवळपास सारखेच बरोबर आले. पण नंतर पत्त्यांबद्दल वेगळ्या तऱ्हेनं प्रश्न विचारले, तेव्हा सूर मोजत शिकलेलं फारसं सांगता येईना. मेंदूच्या चित्रांत दिसलं की शांतपणे शिकताना हिपोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवणारा भाग, कामात होता, आणि विचलित असताना काम सवयी लावणाऱ्या दुसऱ्या भागाकडे गेलं होतं. तू सेशनल परीक्षेनंतर म्हणाली होतीस ना, "सगळं येत होतं गं, पण प्रश्न फिरवून विचारला आणि सुचेचना"? मला ते वाक्य आठवलं.

आजीच्या 'अष्टावधानी' बद्दलही सांगते. अष्टावधान ही खरी कला आहे, आंध्र-कर्नाटकात आजही तिचे प्रयोग होतात. आठ जण अवधानींना पाळीपाळीनं प्रश्न घालतात. त्यांतल्या एकाला म्हणतात अप्रस्तुतप्रसंगी. त्याचं कामच मुळी मध्येमध्ये भलतंसलतं बोलून लक्ष मोडायचं. अवधानी त्याला हसून उत्तर देतात आणि अर्धा राहिलेला श्लोक जिथं सुटला तिथून उचलतात. त्यासाठी वर्षानुवर्षं एकच धागा धरून बसायचा अभ्यास करावा लागतो. तुझ्या पलंगावर त्या रात्री एक श्रोती होती आणि अप्रस्तुतप्रसंगी मात्र तीन.

आता माझ्याबद्दल. कॅनडात २०१३ साली असं दिसलं की वर्गात लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांचे गुण तर कमी आलेच, पण त्यांचा पडदा ज्यांच्या नजरेत होता त्या मुलांचेही कमी आले. हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. तू पाचवी-सहावीत असताना मी ड्यूटीवरून येऊन मालिका लावायचे आणि तू त्याच खोलीत जमिनीवर वही घेऊन बसायचीस. दुसरी खोली नव्हती हे खरं, पण टीव्हीचं बटण माझ्याच हातात होतं. तुझी मान दर दोन मिनिटांनी वर व्हायची आणि मी म्हणायचे, "खाली बघ." आणि आता? दीड वाजता तुझं लेक्चर चालू असतं हे माहीत असून 'जेवलीस का' विचारायला मेसेज करते. तुझ्या मैत्रिणींच्या ग्रुपला नावं ठेवते आणि त्या थरथरीत माझीही एक असते.

म्हणून आधी मी बदलते. यापुढे दिवसा मेसेज करणार नाही. रात्री साडेनऊला फोन करीन, तेव्हा टीव्ही बंद असेल आणि बाबाही शेजारी बसतील. तुझ्याकडे मागणं एवढंच, की रोज संध्याकाळी चाळीस मिनिटं फोन रूममेटच्या कपाटात ठेव. टेबलावर पालथा नको, उशीखाली नको. तेवढा वेळ एकच विषय, लेक्चर साध्या वेगात, हातात पेन. पहिले काही दिवस हात आपोआप फोन शोधेल, माझाही शोधायचा. रील्स बघ, गप्पा मार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मॅच असली तर लॅपटॉप मिटून बघ. तुला खेळ कळतो, तू लहानपणी शेवटच्या ओव्हरपर्यंत हलायची नाहीस.

भाजणीचा डबा आणि मेथीचे लाडू बाबांच्या मित्राबरोबर शनिवारी पाठवते आहे. लाडू आठवड्यात संपव. आणि क ते म लिहिलेल्या दोन्ही कागदांचा वेळेसकट फोटो पाठव. मी तो ड्यूटी संपल्यावर, कपाटातून फोन काढला की बघेन.

तुझी,
आई
मिरज