रात्री दोनला गॅलरीत बसणाऱ्या दादास

मेलबर्न,
रविवार, २० सप्टेंबर २०२०

प्रिय दादा,

आई-बाबांना नमस्कार, वहिनीला प्रेम आणि मिहूला गालगुच्चा.

हे फोनवर बोलता येत नाही. तू फोन घेतलास की बाबा शेजारी येऊन बसतात, आई मागून "जेवली का विचार तिला" म्हणते, आणि आपण दोघं "इकडे सगळं ठीक" म्हणून मोकळे होतो. म्हणून कागद घेतला. टपालात टाकलं तर दिवाळीनंतर कधीतरी मिळेल, तेव्हा पानांचे फोटो काढून तुझ्या एकट्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आहे. फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस, मावशी लगेच नवा काढा सुचवेल.

वहिनीने मला सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, तिलाही कोणाजवळ तरी बोलायचं होतं. रात्री दोन वाजता तू गॅलरीत बसून मोबाइल चाळत असतोस. मेडिकल हॉस्पिटलमध्ये बेड आहे का, मेयो हॉस्पिटलात काय चाललंय, आज नागपुरात कोरोनाचे किती निघाले. बँकेच्या ब्रँचमधून आलास की मागच्या दाराने थेट न्हाणीत, कपडे बादलीत, आणि मिहू धावत आली की तिला हातानेच लांब थांबवतोस. आता तीच दारात थांबते म्हणे, तू सांगायच्या आत.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जगाने घरी बसायचं ठरवलं तेव्हाही तुमची बँक उघडीच होती. एप्रिलमध्ये जनधनचे पाचशे रुपये काढायला बायांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती, तो फोटो तूच पाठवला होतास. आता या महिन्यात नागपुरात रोज हजारावर पेशंट निघून राहिले, आणि शनिवार-रविवारचा जनता कर्फ्यू संपला की सोमवारी तू पुन्हा काउंटरवर. घरात सत्तरी ओलांडलेले दोघं, त्यात बाबांची बायपास झालेली. कोणाचीही झोप उडेल.

पण आपल्या घरात या सगळ्यावर औषध एकच: "टेन्शन नको घेऊ." माझ्या बारावीच्या रिझल्टला तेच, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तेच, आणि आता तू वहिनीला तेच म्हणतोस. खरं सांग, या वाक्याने आजवर कोणाचं टेन्शन गेलंय? समोरचा फक्त गप्प होतो. तो गप्प झाला की आपल्याला बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.

इकडचं सांगते. आमचा दुसरा लॉकडाउन जुलैत लागला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला आणखी कडक झाला. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. सामान आणायला घरातल्या एकानेच जायचं. रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी, फिरायला दिवसातून एक तास. मागच्या आठवड्यात जरा ढील मिळाली, संचारबंदी नऊपासून झाली आणि फिरायला दोन तास मिळाले. पाच किलोमीटरचं रिंगण अजून तसंच आहे. नकाशावर मी ते काढून बघितलं, तर त्यात एक तळं, दोन सुपरमार्केट आणि बाकी आमच्यासारखीच घरं. कोरोनाचे आकडे मात्र इथे उतरलेत. ऑगस्टच्या सुरुवातीला एका दिवसात सातशेवर गेले होते, आता विसाच्या आसपास आहेत.

मला त्रास लॉकडाउनचा नव्हताच. त्रास होता तो याचा, की तिकडे काही झालं तर मी येऊ शकत नाही. इथल्या सरकारने मार्चपासून नागरिकांना आणि आम्हा पीआरवाल्यांनाही, म्हणजे कायम राहायचा परवाना असलेल्यांनाही, देशाबाहेर जायला बंदी केली आहे. जायचं तर अर्ज करून सूट मागायची, मग विमान मिळायला हवं, मग परत यायला मिळेल याचा भरवसा नाही. तुझा फोन अवेळी वाजला की माझ्या छातीत धस्स व्हायचं, आणि तू बहुतेक वेळा चुकून लावलेला असायचास. जेवण जाईना, कामात एकच ईमेल चार-चारदा वाचायची. शेवटी इथल्या फॅमिली डॉक्टरला फोन केला. तिने ऐकून घेतलं, मनाच्या तब्येतीचा एक प्लॅन लिहून दिला आणि एका मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं. व्हिडिओवरच बोलतो आम्ही. मेडिकेअरमधून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्यातून, वर्षाला अशा दहा बैठकांचे पैसे मिळतात, लॉकडाउन बघून ऑगस्टमध्ये सरकारने आणखी दहा वाढवून दिल्या. आईला हे सांगितलेलं नाही. नागपुरात मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोकांना कोराडी रोडचं मनोरुग्णालयच आठवतं.

त्या बाईने मला कुठलंही तत्त्वज्ञान सांगितलं नाही, त्यामुळेच पटली. तिने माझा दिवस विचारला, मिनिटामिनिटाचा. मग म्हणाली, बातम्यांची वेळ ठरव. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि झोपायच्या आधी नाही. जागतिक आरोग्य संघटनाही मार्चपासून हेच सांगते आहे. मी संध्याकाळी साडेसहाची वेळ धरली. पहिले काही दिवस हात आपोआप फोनकडे जायचा. म्हणून फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावायला लागले आणि गजराला बाजारातलं साधं घड्याळ आणलं. झोप लागत नसेल तर अर्धा तास अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. मी मोजे घडी करते. तुझ्यासाठी गॅलरी चालेल दादा, पण मोबाइल आत ठेवून.

दुसरी गोष्ट तुला जास्त जमेल. काळजीला दिवसातली पंधरा मिनिटं द्यायची आणि ती वहीत लिहायची. डावीकडे आपल्या हातात काय आहे, उजवीकडे काय नाही. तू तर उभं आयुष्य जमा-नावे लिहिण्यात घातलंस, तुझी खतावणी माझ्यापेक्षा नीट होईल. "बाबांच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आणणं" डावीकडे. "मेयोत बेड असेल का" उजवीकडे. रात्री दोनला मनात काही आलं तर त्याला सांगायचं, तुझी वेळ उद्या संध्याकाळची. वाचायला पोरखेळ वाटतो, मलाही वाटला होता. पण माझ्या उजव्या बाजूला रोज तीच चार वाक्यं येतात हे वहीत दिसायला लागलं, आणि मग त्यांचा जरा कंटाळाच आला. भीतीचा कंटाळा येणं ही फार चांगली अवस्था आहे.

ऑक्सिमीटरचंही बोलायचंय. वहिनी म्हणते, दिवसातून दहादा तू आईच्या बोटाला चिमटा लावतोस. सकाळ-संध्याकाळ पुरे. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकीचा येतो, आणि मग तुझा अर्धा तास जातो. हात चोळून गरम करायचे, पाच मिनिटं शांत बसवायचं, मग लावायचा. पंच्याण्णवच्या वर असेल तर मशीन कपाटात. पुन्हा पुन्हा बघून मनाला धीर येत नाही, उलट दर वेळी नव्याने बघावंसं वाटतं.

मिहूचं काय करायचं, यावर मी बराच विचार केला. तुझी काळजी आई-बाबांसाठी आहे, आणि मिहू दिवसभर त्यांच्याच मांडीवर असते, हे मला दिसतं. मग घरातलं अंतर ठेव, मास्क ठेव, खिडक्या उघड्या ठेव. पण अंघोळ झाल्यावर संध्याकाळी तिला घेऊन गच्चीवर जात जा. उघड्या हवेत दोघांनी मास्क लावून बसा आणि तिला बोलू दे. तिला गोष्ट सांग, सोनेगावहून उडालेलं एखादं विमान दाखव, आता दिवसाला थोडीच उडतात म्हणा. पोरगी दारात थांबायला शिकली, हे मला त्या आकड्यांपेक्षा जास्त खुपलं.

यंदा तान्ह्या पोळ्याला मारबत, आपली ती रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघाली नाही याचं तुला वाईट वाटलं होतं ना? मला इथे बसून जास्त वाटलं. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि नेमकी साथीच्या वर्षी मिरवणूक नाही. जेव्हा सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच. "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असं अख्ख्या महाल-इतवारीने एका सुरात ओरडायचं, बडग्यांवर, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांवर, त्या वर्षीचा सगळा राग लिहायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. कोणी मानसशास्त्रज्ञ आला असता तर वही काढून टिपून घेतलं असतं.

तर आम्ही तान्ह्या पोळ्याला घरातच बडग्या केला. ऑनलाइन सामानाची खोकी साठली होती. एका मोठ्या खोक्याचं पोट, चपलेच्या खोक्याचं डोकं, हात म्हणून पेपर टॉवेलच्या नळ्या. अथर्वने त्याला माझा जुना मास्क बांधला आणि मार्कर घेऊन बसला. छातीवर लिहिलं, "ऑनलाइन शाळा घेऊन जा." मग "झूमवर कॅमेरा ऑन करा म्हणणारे सर." मग मला न विचारता, "आईची मीटिंग." त्याच्या बाबाने "आठ वाजताची संचारबंदी" लिहिलं. मी मार्कर घेतला आणि बराच वेळ काही सुचेना. शेवटी "विमानं बंद" एवढंच लिहिलं. मग तिघांनी घसा फुटेस्तोवर ओरडत तो घरभर फिरवला. मागच्या अंगणात जाळायची सोय नाही, त्यामुळे पाय देऊन चपटा केला आणि पिवळ्या झाकणाच्या रिसायकलिंगच्या डब्यात कोंबला. शेजारच्या इटालियन आजी कुंपणावरून बघत होत्या. त्यांना थोडक्यात समजावलं तर म्हणाल्या, माझ्याही दोन-तीन गोष्टी लिहा.

बाकी दिवस कसे जातात म्हणशील तर हात कामात ठेवून. रविवारी मी सांबारवड्या करते. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडा, धुवा, कपड्यावर पसरून कोरडा करा, खसखस-खोबरं भाजा, बेसनाची पारी लाटा, आतून चिंच-गुळाचं बोट फिरवा, सारण भरून घट्ट गुंडाळा. दोन्ही हात तेल-पिठाचे असतात, फोन वाजला तरी उचलता येत नाही. तासाभराने मान वर करावी तर मधल्या वेळात डोक्यात काहीच आलेलं नसतं. तुला स्वयंपाक जमणार नाही, पण आपल्या मागच्या खोलीतला कूलर दोन वर्षं गंजून पडलाय, तो उघडून बस.

आईला काही शिकवायला जाऊ नकोस. ती दिव्याजवळ बसून स्तोत्रं म्हणते ना, त्यात एका ओळीला लांब श्वास बाहेर जातो आणि मध्ये छोटा आत येतो. मला हेच चार मोजत आत, सहा मोजत बाहेर असं पैसे घेऊन शिकवलं. बाबांना सांगू नकोस, "आम्ही काऊन सांगत होतो मग" म्हणत महिनाभर ऐकवतील.

एवढं करूनही झोप आली नाही, छाती भरून आली, कशातच मन लागेना, तर ताणू नकोस. याच महिन्याच्या सात तारखेला केंद्र सरकारने 'किरण' नावाची हेल्पलाइन सुरू केली आहे, १८००-५९९-००१९. फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. नाव विचारलं तर खोटं सांग, पण बोल. नाहीतर मला फोन कर. तुझे रात्रीचे दोन म्हणजे माझे सकाळचे साडेसहा, मी उठलेलीच असते. चार ऑक्टोबरपासून इथलं घड्याळ तासाने पुढे जाईल, मग साडेसात. फक्त एक अट, "सगळं ठीक" म्हणायचं नाही. तू म्हणायचं, आज काउंटरवर एक जण मास्क खाली करून खोकला आणि माझी तंतरली. मी म्हणेन, आज मी विमानाची साइट उघडून नुसती बघत बसले होते.

अधिक महिना लागलाय. जावयाला बोलावता येत नाही म्हणून आई हळहळत होती. तिला म्हणावं, अनारसे करून तुम्हीच खा, फोटो पाठवू नका, इथे अनारशाचं पीठ मिळत नाही. आणि बाबांच्या गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो मला पाठव, मी यादी करून ठेवते, तेवढं एक काम तुझ्या डाव्या रकान्यातून माझ्या रकान्यात येऊ दे.

तुझी,
मीनू

ता. क. कूलरचा पंपही बघ, मागच्या उन्हाळ्यात तोच घरघर करत होता.