घरच्या वहीतला हिशेब रेझ्युमेत का येत नाही?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुटीतील इंटर्नशिपसाठी आमच्या कोल्हापुरातील लेखापरीक्षण कार्यालयाकडे दरवर्षी बी.कॉम., बी.बी.ए. आणि एम.कॉम.च्या विद्यार्थ्यांचे अर्ज येतात आणि ते वाचण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. यंदाचे अर्ज वाचताना जी खंत वाटली, ती विद्यार्थी, पालक आणि प्राध्यापक यांच्यापर्यंत आपल्या दैनिकामार्फत पोहोचावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बहुतेक रेझ्युमे एकाच वाक्याने सुरू होतात: नामांकित संस्थेत काम करून स्वतःचा आणि संस्थेचा विकास साधण्याची इच्छा आहे. त्याखाली मेहनती, प्रामाणिक, जिद्दी ही विशेषणे असतात. मग वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, क्वचित आधार क्रमांकसुद्धा, आणि शेवटी वरील माहिती खरी असल्याची प्रतिज्ञा. लग्नाच्या बायोडेटाचा साचा नोकरीच्या अर्जात असा शिरला आहे, आणि अर्जदाराने आजवर हिशेबाचे कोणते काम हाताळले, हे मात्र दोन पाने उलटूनही कळत नाही. आधार क्रमांक तर अनोळखी कार्यालयांना ईमेलने पाठवत सुटण्याची गोष्टच नव्हे. तो आधी काढून टाकावा.

यंदा मुलाखतीला इचलकरंजीची एक विद्यार्थिनी आली होती. तिच्या रेझ्युमेत कामाच्या नावाखाली ‘टॅलीचे ज्ञान’ एवढेच दोन शब्द होते. बोलता बोलता कळले, की वडिलांचे यंत्रमाग आहेत आणि गेली दोन वर्षे बिले तीच सांभाळते. दर महिन्याच्या १४ तारखेनंतर ती जीएसटीआर-२बी, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी संकेतस्थळावर तयार होणारे खरेदीचे विवरण, उतरवून घेते, सुताच्या खरेदीचे एकेक बिल त्याच्याशी ताडून पाहते आणि एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवलेले नसेल, तर त्या बिलावर भरलेल्या कराचे क्रेडिट (वजावट) बाजूला ठेवून त्याला फोन करते. शिवाय कापडाच्या येणे रकमांची तिने एक्सेलमध्ये यादी केली होती: ३० दिवसांपर्यंतची, ३१ ते ४५ दिवसांची आणि त्यापुढची. ४५ दिवसच का, असे विचारल्यावर तिने न अडखळता सांगितले, की सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे कायद्याने ठरलेल्या, जास्तीत जास्त ४५ दिवसांच्या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, आणि ही तरतूद आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली आहे.

बँकेच्या कर्ज विभागात कॅश क्रेडिटची उचल मर्यादा, म्हणजे व्यवसायाला त्या कर्जखात्यातून किती रक्कम काढता येईल, ते ठरवताना येणे रकमांची नेमकी अशीच यादी मागितली जाते, कारण ठरावीक दिवसांपेक्षा जुनी येणी त्या मर्यादेसाठी धरली जात नाहीत. म्हणजे जे काम शिकण्यासाठी इतर मुले इंटर्नशिप शोधतात, ते ही मुलगी दोन वर्षे करत होती. हे लिहिले का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘मॅडम, ते घरचं काम आहे, ते कसं लिहायचं?’ तिच्याच पेनाने आम्ही त्या कागदावर एक ओळ लिहिली: ‘कौटुंबिक यंत्रमाग व्यवसायात दोन वर्षे दरमहा सुमारे ४० खरेदी बिलांचा जीएसटीआर-२बीशी ताळमेळ आणि थकीत येण्यांची साप्ताहिक यादी.’ या एका ओळीपुढे वरची सारी विशेषणे अनावश्यक ठरली आणि तिने ती स्वतःहून खोडली.

कृषी सेवा केंद्राची उधारीची वही, बचत गटाचा जमाखर्च, गणेश मंडळाचा वर्गणीचा ताळेबंद, पतसंस्थेतल्या सुटीतल्या नोंदी, हे सारे काम आहे. ते किती काळ केले, किती नोंदी हाताळल्या आणि त्यातून कोणती चूक सापडली किंवा काय सुधारले, एवढे साध्या इंग्रजीत लिहावे. आकडा मात्र खराच हवा. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून रेझ्युमे लिहून घेतले जातात. भाषा सुधारण्यापुरती त्यांची मदत घेण्यास हरकत नाही, पण न केलेले काम त्यात येऊन बसले, की पहिल्याच प्रश्नाला विद्यार्थी गप्प होतो. एक्सेलमध्ये प्रावीण्य लिहिणाऱ्याला आम्ही दोन याद्या देऊन त्या जुळवणारे व्हीलूकअप हे सूत्र लावायला सांगतो, आणि तिथे ओशाळलेली मुले पाहताना मन खिन्न होते. येत नसेल तर लिहू नये आणि अर्ज पाठवण्याआधी आठवडाभर बसून शिकावे. तेच एटीकेटीचे, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात गेल्याचे. ती लपवण्यापेक्षा विषय सुटला असल्यास तसे सरळ सांगितलेले बरे.

ज्यांना मुंबईतील गुंतवणूक किंवा संशोधन संस्थांत जायचे आहे, त्यांच्या घरी व्यवसाय असायलाच हवा असे नाही. सूचिबद्ध कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. ओळखीच्या क्षेत्रातली एक कंपनी घ्यावी, पाच वर्षांचे अहवाल वाचावेत, खेळते भांडवल आणि कर्ज कसे बदलत गेले ते स्वतः मांडावे आणि पानभर टिपण तयार ठेवावे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झाली असेल, तर तिचे नाव व वर्ष द्यावे. नुसती ‘तयारी सुरू आहे’ ही पात्रता होत नाही.

प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळाले आहेत, तरी अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या हाती एकच छापील नमुना दिला जातो आणि नाव बदलून तोच साठ जण पाठवतात. नमुना वाटण्याआधी प्रत्येकाला समोर बसवून ‘तू आजवर कुणाचा हिशेब ठेवलास?’ एवढे विचारावे. हे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच व्हायला हवे, कारण मोठ्या संस्थांचे वेळापत्रक फार आधी सुरू होते; रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी इंटर्नशिपचे अर्जसुद्धा आदल्या वर्षाच्या अखेरीसच मागवले जातात.

कोल्हापूर व इचलकरंजी परिसरातील ज्या महाविद्यालयांना हवे असेल, तिथे शनिवारी दुपारी येऊन विद्यार्थ्यांचे रेझ्युमे त्यांच्यासोबत बसून तपासायला मी आणि माझे दोन सहकारी तयार आहोत. येताना विद्यार्थ्यांनी घरची किंवा दुकानाची हिशेबाची वही सोबत आणावी.

आपली विश्वासू,
एक सनदी लेखापाल, कोल्हापूर