दादा, पब म्हणजे गुत्ता नव्हे

लीड्स (इंग्लंड),
रविवार

ती. आई व ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. ड्यूटी, डबा, थंडी हे सगळं फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. मागच्या रविवारी मी पबमध्ये गेल्याचं बोलले आणि आई, दादांनी फोन तुझ्या हातात दिला. तूही "जेवलीस का" एवढंच विचारून ठेवलास. फोनवर एक जण गप्प झालं की पुढे बोलताच येत नाही, म्हणून पत्र.

तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला कळतं. मामाचं झालं ते मी विसरलेले नाही. मामी रात्री त्याला शोधायला निघायची तेव्हा बॅटरी धरायला मीच सोबत असायचे. तेव्हा दारू म्हणजे काय, हे मला कुणी नव्याने सांगायची गरज नाही. पण मी गेले ती जागा तशी नव्हती, एवढं तरी ऐकून घ्या.

आमच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर निवृत्त झाल्या. इथे निरोप द्यायला हॉल घेत नाहीत, पबमध्ये जमतात. ब्रिगेट नावाच्या मोठ्या रस्त्यावरून एक अरुंद बोळ आत जातो, तिथे व्हाइटलॉक्स म्हणून जुना पब आहे, 1715 सालापासूनचा. दादा, म्हणजे साताऱ्यात शाहू महाराज गादीवर होते तेव्हाचा. आत लांबट खोली, पितळ लखलखीत घासलेलं, भिंतीला मोठे आरसे. पलीकडच्या टेबलावर एक आजी नातवंडांना घेऊन जेवत होत्या. कोपऱ्यात एक म्हातारेबुवा पेपर वाचत एकच ग्लास तासभर पुरवत होते, आणि येणारा-जाणारा त्यांची चौकशी करत होता. माझ्या वॉर्डात अशी एकटी माणसं मी रोज बघते, ज्यांना भेटायला कुणीच येत नाही. त्यामुळे या आजोबांना बघून मला फार बरं वाटलं.

आता इथली एक रीत सांगते, ती कळली नाही तर बाकी काहीच कळत नाही. तिला राउंड म्हणतात. टेबलापाशी वेटर येत नाही, आपणच काउंटरवर जायचं. पण प्रत्येकीने आपापलं आणायचं नाही! आम्ही सहा जणी होतो. पहिलीने सगळ्यांना विचारलं, सहाही ग्लास आणले, सगळे पैसे तिने दिले. ग्लास अर्धे झाले की दुसरी उठते, मग तिसरी. हिशेब कुणी लिहीत नाही, सुटे कुणी परत करत नाही, तरी पाळी कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही नुसतं लिंबूपाणी घेतलंत तरी पाळी चुकत नाही. पाळी न देता कुणी घरी गेलं तर तोंडावर बोलत नाहीत, पण लक्षात मात्र वर्षानुवर्षं ठेवतात. मागे पहिल्या महायुद्धात, 1915 साली, दुसऱ्याला असं पाजायला सरकारने बंदीसुद्धा केली होती. युद्ध संपलं, बंदी गेली आणि रीत परत आली. काउंटरवर रांगही नसते. घोळका असतो, पण आधी कोण आलं ते लोकच सांगतात, "आधी या बाईंचं घ्या." माझं तसंच झालं.

तिथे मिळते ती एल, बिअरचाच एक प्रकार. पण पेटीबंद बाटलीतली बिअर नाही. तळघरात पिंप असतं, साधारण 41 लिटरचं, आणि त्यात यीस्ट जिवंत असतं. म्हणजे पिंपात भरल्यावरही ती आत मुरतच राहते. पिंप आणलं की गाळ बसेपर्यंत हलवायचं नाही, वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकून वायू हळूहळू जाऊ द्यायचा, आणि तळघर 11 ते 13 अंशांवर ठेवायचं. एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबतं. वर काउंटरला लांब दांडे असतात. दांडा ओढला की खालून एल वर येते, आपल्या हापश्यासारखी. ओढणाऱ्या बाई घाई करत नव्हत्या. दोन-तीन सावकाश हिसके, फेस खाली बसू द्यायचा, मग वरून थोडी भर. मोठ्या कारखान्यांनी हे बंद करून नळाची गॅसवाली बिअर आणली, तेव्हा 1971 साली चार मित्रांनी चळवळ उभी केली, कॅम्रा. तिच्यामुळे ही एल टिकली. दादा, तुम्ही एसटीच्या संपात उभे राहिलेले. हे लोक तुम्हाला पटले असते.

आई, गाळ बसवायला बऱ्याच ठिकाणी माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेलं चिकट द्रव्य घालतात. हे मला तिथेच कळलं. मी जिंजर बिअर घेतली. नावात बिअर असली तरी ते आल्याचं सरबतच. सिस्टरांच्या ग्लासातला एक घोट चाखला, तेही सांगते. कडवट होता, मागून भाजलेल्या धान्याचा वास येत होता. त्यात मला काही गैर वाटत नाही. तुम्हाला वाटेल, तर रागवा, पण बोलणं बंद करू नका.

रात्री दोघी जणी मला दारापर्यंत सोडायला आल्या. सिस्टर निघताना गळ्यात पडून रडल्या, तेव्हा मला आजीचं वर्षश्राद्ध आठवलं. मी नव्हते त्याला. दादांच्या मोतीबिंदूच्या वेळीही नव्हते. दिवाळीलाही जमत नाही, सुट्ट्या वाटून झाल्यात. तुम्ही माझ्यासाठी थांबू नका, फराळ नेहमीसारखाच करा.

धाकट्याच्या फीचे 45,000 बुधवारी पाठवले. माझी राउंड तीस पौंडांच्या आतच झाली, त्याने यात काही कमी पडलेलं नाही. बँकेचा हप्ता पाच तारखेच्या आत भरा, उरलेल्यात माडीची गळती काढून घ्या, पावसाळ्याची वाट बघू नका.

सांगलीच्या स्थळाचं मी टाळत नाही. मुलाला माझा नंबर द्या, आम्ही आधी आपसात बोलतो. फक्त त्यांच्या घरी आधीच सांगा, मुलगी नोकरी सोडणार नाही आणि मैत्रिणींबरोबर पबमध्ये जाऊन बसते. हे ऐकून नाही म्हणाले तर म्हणू देत. आत्याला मध्ये घालू नका.

दादा, डोळ्यांचे थेंब संपत आले असतील. बाटली उघडून महिना झाला की टाकून द्यायची, उरली असली तरी. पुढच्या रविवारी फोन तुम्ही घ्या.

तुमची,
चिमी