मनूला, ढगूच्या ऑपरेशनआधी

मनू बाळा,

आधी तुला जे ऐकायचंय तेच लिहितो. आपल्या ढगूने, त्या दाट मऊ केसांच्या उंदरासारख्या इवल्याशा चिंचिलाने, आज सकाळी स्वतःहून गवत खाल्लं. फार नाही, थोड्याशा काड्या, पण मी सिरिंजने भरवत नसताना खाल्लं. दुखणं कमी व्हायचं औषध लागू पडतंय. लघवी थेंब थेंब का होईना पण होतेय, आणि डॉक्टर म्हणाल्या की ती होतेय तोवर आपल्या हातात थोडा वेळ आहे. ऑपरेशन परवा सकाळी.

फोनवर तू एकामागून एक विचारत होतीस आणि मी नुसतं हो हो, बघू बघू करत होतो, म्हणून आता बसून सगळं लिहितोय. तू आता मोठी आहेस, तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं आई आणि मी ठरवलंय, त्यामुळे ह्यात जे चांगलं आहे ते पण आहे आणि जे भीतीदायक आहे ते पण आहे.

सुरुवात कशी झाली ते तुला तुकड्यातुकड्यात माहितीये. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या फ्लीसच्या मऊ कापडावर गुलाबीसर डाग दिसायला लागले. चिंचिलाची लघवी कधी कधी नुसत्या रंगद्रव्यामुळेच लालसर दिसते म्हणे, म्हणून आम्ही लगेच घाबरलो नाही, पण मग तो कोपऱ्यात जाऊन पाठ वर काढून बसायला लागला, शेपटी उचलायची, पोट आत ओढायचं, आणि एक बारीक चिरका आवाज. तो आवाज तू ऐकला नाहीस तेच बरं. लेंड्या पण बारीक आणि सुकलेल्या पडायला लागल्या. आधी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी इन्फेक्शन आहे म्हणून औषध दिलं, एक्स-रे काढलाच नाही, मला त्याचा अजून राग आहे पण तो राग घेऊन बसण्यात आत्ता अर्थ नाही. आताच्या डॉक्टर एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्या-मांजरांपेक्षा वेगळ्या पाळीव प्राण्यांच्याच आहेत. त्यांनी लघवी तपासली, त्यात खरंच रक्त निघालं, मग एक्स-रे काढला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. लघवीच्या पिशवीत एक पांढराशुभ्र ठिपका. वाटाण्यापेक्षा लहान असेल, पण तेवढ्याशा जिवाच्या पोटात तो केवढा मोठा दिसत होता. नरांमध्ये इंद्रियाभोवती केसांचं कडं अडकून पण लघवीला त्रास होतो, तेही त्यांनी बघितलं, तसं काही नाहीये. मूतखडाच आहे.

आता तुझा पहिला प्रश्न, औषधाने विरघळणार नाही का. नाही गं. चिंचिलांमध्ये हे खडे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते ना औषधाने विरघळतात ना खाणं बदलून. अगदी बारीक असता तर कदाचित आपोआप पडला असता. हा तेवढा बारीक नाही. आणि ढगू नर आहे, नरांची लघवीची नळी लांब आणि अरुंद असते, आज खडा पिशवीत आहे पण उद्या नळीत उतरून अडकला तर लघवी पूर्ण बंद होणार, आणि मग ऑपरेशन करायचं ते रात्री-अपरात्री, धावपळीत, थकलेल्या आणि उपाशी प्राण्यावर. आम्ही घाई केली असं तुला वाटत असेल तर हे लक्षात घे. आत्ता त्याच्या अंगात थोडी ताकद आहे, वजन फार उतरलेलं नाही, म्हणून आत्ता. थांबलो असतो तर निर्णय आपला राहिलाच नसता.

दुसरा पर्याय डॉक्टरांनी आमच्यासमोर ठेवला होता, तुला सांगतो, त्याला शांतपणे कायमचं झोपवायचा. त्यांनी दबाव अजिबात टाकला नाही, दोन्ही बाजू सांगितल्या आणि आम्हाला बाहेर बसून बोलायला वेळ दिला. आईने एकच विचारलं, ऑपरेशन नीट झालं तर पुढे तो चांगला जगेल का. चिंचिला दहा-पंधरा वर्षं सहज जगतात, काही तर वीस, आणि हा अजून तरुण आहे. डॉक्टर म्हणाल्या शक्यता चांगली आहे, खात्री नाही. मग आम्ही हो म्हणालो.

आता ते अल्फाल्फाचं, म्हणजे लसूणघासाचं. तू कुठेतरी वाचलंस की त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि आता तुला वाटतंय की तू त्याला हौसेने अल्फाल्फा घालायचीस म्हणून हा खडा झाला. मी हे डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, तुझं नाव घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या की अल्फाल्फात कॅल्शियम जास्त असतं हे खरं, इथून पुढे बंदच करा आणि टिमोथी गवतच द्या, पण सशांच्या लघवीतून जसं भरपूर कॅल्शियम बाहेर पडतं तसं चिंचिलाचं नसतं, ह्यांचं बरंचसं लेंड्यांतूनच निघून जातं, त्यामुळे हे खाल्लं म्हणून खडा झाला असं सरळ गणित मांडता येत नाही. काहींना होतो, काहींना तेच खाऊन होत नाही. तर तू हे मनातून काढून टाक. आपोआप निघणार नाही हे मला माहितीये, पण जेव्हा जेव्हा येईल तेव्हा हा भाग परत वाच.

ऑपरेशनला म्हणजे काय करणार ते पण लिहितो, कारण माहीत नसलं की डोकं भलतंच काहीतरी रंगवत बसतं. गॅसची भूल देतात. पोटावरचे केस काढतात, छोटा काप घेऊन लघवीची पिशवी उघडतात, खडा काढतात, नळीतून पाणी सोडून आत कण उरलाय का बघतात आणि टाके घालतात. टाके शक्यतो कातडीच्या आतून, म्हणजे त्याला कुरतडता येत नाहीत, कारण गळ्यात कॉलर घातली की हे प्राणी फार बिथरतात आणि खाणंच सोडतात. एरवी आपण त्याला उन्हाळ्याचं जपतो, पंचवीस अंशांच्या वर गेलं की आपल्या पोटात गोळा येतो, पण भुलेखाली उलटं असतं, अंग झपाट्याने गार पडतं, म्हणून तिथे खाली गरम पॅड आणि सतत तापमान बघणारं एक माणूस. खडा नंतर लॅबला पाठवणार, नक्की कशाचा आहे ते कळायला.

आणि हो, ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं नाहीये! मला वाटलं आपल्यासारखं रात्रीपासून काही द्यायचं नसेल. पण त्याला उलटी होऊच शकत नाही, त्यामुळे ती भीती नाही, उलट आतडं रिकामं राहिलं तर त्याची हालचालच थांबते आणि चिंचिलांच्या बाबतीत ते खड्याइतकंच जिवावर बेततं. म्हणून त्याचं नेहमीचं गवत पिशवीत भरून सोबत न्यायचं, शुद्धीवर आला की समोर ठेवायचं.

धोका आहे. एवढ्या छोट्या प्राण्याला भूल देणं कुत्र्या-मांजरापेक्षा जास्त जोखमीचं असतं, आणि नंतरचे दोन-तीन दिवस तो खातो की नाही ह्यावर बरंच अवलंबून आहे. सगळं छान होईल असं मी तुला लिहिणार नाही कारण ते मला माहीत नाही. शिवाय हे खडे परत होतात, बऱ्याच जणांना होतात, कधी कधी काही महिन्यांतच, म्हणजे नंतर पण ठराविक दिवसांनी एक्स-रे काढत राहावं लागेल. हे सगळं ऐकून घेऊन आम्ही हो म्हटलंय.

सिरिंजने भरवायचं आता मला बऱ्यापैकी जमतंय. टॉवेलमध्ये गुंडाळायचं पण आवळायचं नाही, केस धरायचे तर अजिबात नाहीत, घाबरला की तेवढा पुंजका हातात सोडून निसटतो. सिरिंज समोरून नाही, बाजूने, पुढच्या दातांच्या मागच्या फटीतून आत सारायची आणि थोडंसंच सोडायचं. पहिल्यांदा दोन्ही हातांनी ढकलतो, मान फिरवतो, मिशा सगळ्या हिरव्या होतात, आणि मग अचानक चावायला लागतो, जबडा तो बारीक गोल गोल फिरतो, आणि कान हळूहळू वर येतात. ते कान वर आले की आई दारातूनच म्हणते, "घेतलं का?" रोज त्याच वेळेला वजन करतो आणि ग्रॅममध्ये वहीत लिहितो. खाली लघवीने थोडं ओलं होतं ते लगेच टिपून घेतो, कारण एका एका मुळातून पन्नास-साठ केस, एकदा ओलं झालं की आतून वाळतच नाही आणि कातडी खराब होते.

नंतरची तयारी पण सुरू आहे. पिंजऱ्यातल्या फळ्या काढल्यात म्हणजे उड्या मारता येणार नाहीत. खाली फक्त फ्लीस. धुळीची आंघोळ, म्हणजे बारीक धुळीत लोळून अंग साफ करणं, जखम भरेपर्यंत बंद, साधारण दोन आठवडे, आणि ह्याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटणार आहे बघ. सुरुवातीला लघवीत थोडं लाल दिसेल ते चालेल असं सांगितलंय. डोळे अर्धवट मिटून दात करकरायला लागला, खाणं सोडलं, किंवा जोर लावूनही लघवी झाली नाही तर लगेच फोन करायचा. अँटिबायोटिकचं पण तू विचारलं होतंस, मी पक्कं केलंय, पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिनसारखं काहीही त्याला तोंडाने द्यायचं नाही, आतड्यातले चांगले जंतू मरतात. डॉक्टरांना माहीतच होतं, तरी मी विचारलं.

राहिलं तुझं यायचं. तुझा पेपर परवाच आहे आणि तू म्हणतेस सोडून येते. माझं स्पष्ट मत, येऊ नकोस. तिथे आत कोणालाच सोडत नाहीत, तू येऊन आमच्यासोबत बाहेर खुर्चीवर बसशील आणि वर्ष हातचं जाईल. खरी गरज नंतर आहे. दिवसातून कितीतरी वेळा भरवायचं, रात्री उठून बघायचं, आणि तुझा आवाज ऐकला की तो जाळीशी येतो, आमच्यासाठी येत नाही. पेपर संपले की सरळ घरी ये, पहिली रात्र तुझी, मी झोपणार आहे. एक काम मात्र आत्ताच कर, तुझा तो वापरलेला जुना टी-शर्ट न धुता पाठवून दे, कॅरियरमध्ये घालतो, पोचला नाही वेळेत तर घरी आल्यावर पिंजऱ्यात ठेवू.

परवा त्याला आत नेलं की मी मेसेज टाकेन आणि बाहेर आणला की फोन करेन, जे असेल ते त्याच क्षणी सांगेन, तुझा पेपर असला तर पेपर सुटल्याबरोबर. मधे काही कळलं नाही तर समज की आम्हालाही अजून काही सांगितलेलं नाही. उद्या संध्याकाळी डॉक्टरांशी शेवटचं बोलणं आहे. तुला आणखी काही विचारायचं असेल तर दुपारपर्यंत लिहून पाठव, मी माझ्या यादीत तुझे प्रश्न सगळ्यात वर घालतो.

तुझा,
बाबा