पणत्या पुरे झाल्या, आता पोरांना खरं काम द्या

नमस्कार मंडळी,

18 वर्षं झाली की आपल्या स्पेशल मुलांची शाळा सुटते, मग एकतर घरी टीव्हीसमोर नाहीतर कार्यशाळेत, पणत्या रंगवा, कागदी पिशव्या चिकटवा, वर्षानुवर्षं तेच आणि "जरा तयार झाला की कामाला लावू" म्हणता म्हणता पोरगा तिशीला टेकतो. पालक मंडळाने यंदा ठरवलंय, आधी कामाच्या जागी न्यायचं आणि शिकवायचं ते तिथेच.

आयडिया आमची नाही. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलात 1996 ला 'प्रोजेक्ट सर्च' सुरू झालं. तिथे इमर्जन्सी विभागात सामानाची कपाटं भरायच्या कामावर माणूस टिकेना, तेव्हा विभागप्रमुख बाईंनी विचार केला की आपल्याकडे उपचाराला स्पेशल मुलं येतात, तशाच मुलांना हे का शिकवू नये? म्हणजे नुसती दया नाही हो, गरज त्यांनाही होती. शाळेचं शेवटचं वर्ष मुलं तिथेच काढतात, वर्षात साधारण तीन वेगवेगळी कामं, सोबत शिक्षक आणि जॉब कोच.

व्हर्जिनियात याचा अभ्यास झाला, 2014 मध्ये छापून आला. ऑटिझम असलेले 40 तरुण, कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. प्रोजेक्टमधल्या 24 पैकी 21 जणांना नोकरी लागली, नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या 16 पैकी फक्त एकाला. अभ्यास छोटा आहे, मान्य, पण एवढा फरक बघून गप्प कसं बसायचं?

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे, पण परीक्षेचा फॉर्मच ज्याला झेपत नाही त्याने काय करायचं.

तर आम्हाला दोन जॉब कोच ठेवायचेत. कोच म्हणजे पोराबरोबर कामावर उभा राहणारा माणूस, कपाटाच्या दारावर कुठल्या खणात काय त्याचे फोटो चिकटवणारा, आणि पोराला जमायला लागलं की हळूहळू मागे सरकणारा. प्रत्येकी महिना 12 हजार मानधन, वर्षाचे 2 लाख 88 हजार. जमेल तेवढे द्या, 100 रुपये पण चालतील, पावती मिळेल.

पैशापेक्षा जास्त हवीये ती जागा. तुमचं हॉस्पिटल, मेडिकल, किराणा, लॉज, प्रेस काहीही असो, रोज तीन तास एका मुलाला घ्या, पहिले तीन महिने पगार नको, पुढे काम आवडलं तर रीतसर पगारावर ठेवा. रिटायर्ड शिक्षक, नर्स कोच म्हणून आले तर सोन्याहून पिवळं.

मंडळाच्या ऑफिसात संध्याकाळी 6 ते 8 कोणीतरी असतंच, रविवार सोडून. येताना दुकानातलं कुठलं काम रोज रखडतं तेवढं आठवून या.