चिंपांझी आपला पणजोबा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात उत्क्रांतीवर काहीही आलं की सोबत ते ठरलेलं चित्र असतंच, एका टोकाला वाकलेला चिंपांझी आणि मग सरळ होत होत शेवटी ताठ उभा माणूस. प्लीज हे चित्र बंद करा. पोरं तेच खरं धरून बसतात आणि मग विचारतात की बाकीची माकडं अजून माणूस का नाही झाली.

नुसतं मांडीचं हाड बघा. मकाक किंवा बबून या माकडांमध्ये हाडाच्या वरच्या टोकाचा, खुब्यात बसणारा गोळा लहान असतो आणि बाहेरच्या बाजूचा उंचवटा गोळ्याच्याही वर जातो, त्यामुळे पाय मुख्यतः पुढेमागे जोरात हलतो, पळायला बरं. ओरांगउटान या झाडांवर राहणाऱ्या एपचा (एप म्हणजे चिंपांझी-गोरिलासारखं बिनशेपटीचं वानर) गोळा मोठा, गोल आणि उंचवटा खाली, म्हणून त्याचा पाय फांद्यांवर वाटेल त्या दिशेला वळतो. आपल्यात हाड खुब्यापासून आत तिरकं येतं म्हणून गुडघा शरीराच्या खाली येतो, आणि हा तिरकेपणा जन्मतः नसतो हो, मूल चालायला लागलं की येतो, ज्यांना कधीच चालता आलं नाही त्यांच्यात तो तयार होत नाही! मला हे फार विलक्षण वाटतं.

आता मुद्दा. २००० साली केनियातल्या तुगेन टेकड्यांत ब्रिजित सेनु आणि मार्टिन पिकफर्ड यांच्या टीमला साधारण ६० लाख वर्षांपूर्वीची हाडं मिळाली, प्राण्याचं नाव ओरोरिन. त्यात मांडीच्या हाडाचा वरचा भागही होता. २००८ मध्ये रिचमंड आणि युंगर्स या संशोधकांनी मोजमापं घेऊन सांगितलं की हे दोन पायांवर चालणाऱ्याचं हाड आहे, आणि २०१३ मध्ये दुसऱ्या एका टीमने ते त्याहून जुन्या, मायोसीन काळातल्या (साधारण २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा काळ) एप्सच्या हाडांशीही ताडून पाहिलं तर आकार निघाला त्या जुन्या एप्सच्या आणि नंतरच्या ऑस्ट्रेलोपिथेकसच्या (दोन पायांवर चालणारा माणसाचा जुना नातेवाईक) मधला, चिंपांझीच्या जवळचा नाहीच. म्हणजे तेवढ्या काळात चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान हेही आपापल्या वाटेने बदलत गेले. मग त्यांना आपल्या रांगेत सगळ्यात मागे का उभं करायचं?

चित्र छापायचंच असेल तर बबून, ओरांगउटान, ओरोरिन आणि माणूस यांची हाडं शेजारी शेजारी छापा आणि ओरोरिनखाली त्याचं वय लिहा, सातवीतल्या मुलालाही फरक दिसेल.

आपला,
एक नियमित वाचक